पिकल्या केळ्याचा वास

"हात दाखव," मी म्हणालो.

हर्षूने दोन्ही हात पुढे केले. मी आधी उजव्या हाताचा वास घेतला, मग डाव्या. साबणाचा वास येत होता.

"शाळेतून आल्या आल्या हात धुतले?"

"हो."

"रोज धुतेस?"

तिने आईकडे पाहिलं. शैला पोळ्या लाटत होती, तिने मान वर केली नाही. "रोज नाही," हर्षू म्हणाली.

"मग आजच का धुतले?"

दहा वर्षांच्या पोरीने आज हात का धुतले याला उत्तर नसतंच, हे मला आता कळतं. तेव्हा मला वाटलं, सापडली.

मी त्या वेळी एस.टी.च्या मार्ग तपासणी पथकात होतो. कुठल्यातरी फाट्यावर जीप उभी करायची, येणारी गाडी थांबवायची, आत चढून प्रत्येकाचं तिकीट बघायचं, हे काम मी एकोणीस वर्षं केलं. विनातिकीट माणूस ओळखण्यात माझा हातखंडा होता. डेपोत मला 'बडगुजर सीआयडी' म्हणायचे. ती चेष्टा होती, पण मला ती आवडायची.

"तिकीट काढलं का?" असं मी कधी विचारलं नाही. "तिकीट कुठे टाकलं?" असं विचारायचो. कुठून चढलात, किती वाजता, शेजारी कोण बसलं होतं, असे प्रश्न एकामागून एक. खरं बोलणारा माणूस अडखळतो. साडेसात, नाही, आठला दहा-बारा मिनिटं असतील, असं काहीतरी वेडंवाकडं सांगतो. खोटं बोलणारा पाठ केल्यासारखं सरळ बोलतो, आणि त्याचे आकडे नेहमी गोल असतात. मात्र एकदा का माणसाने कबूल केलं की मी फार ताणत नसे. "कबूल केलं की मी सोडून देतो, पण खोटं बोलला की सोडत नाही," हे माझं घरातलं आवडतं वाक्य. हर्षूला या गोष्टी फार आवडायच्या. जेवताना ती हटकून विचारायची, "पप्पा, आज कोण सापडलं?"

त्या आठवड्यात तिने ते विचारलं नाही, कारण त्या आठवड्यात मी तिलाच पकडायला निघालो होतो.

हर्षूला सातव्या वर्षी मधुमेह निघाला. मोठ्या माणसांचा गोळ्यांवर भागणारा नव्हे. तिच्या अंगात इन्सुलिन तयारच होत नव्हतं. सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन, बोटाला टोचून मशिनवर साखर बघायची आणि वहीत लिहायची. वही शैला लिहायची, रोज सकाळी मी तपासायचो. जळगावचे डॉक्टर झांबरे दर दोन महिन्यांनी ती वही बघत. फेब्रुवारीत त्यांनी हर्षूच्या पाठीवर थाप मारून म्हटलं होतं, "असंच ठेवलं तर ही पोरगी माझ्याएवढी म्हातारी होईल." मग मला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं होतं, "साखर वाढत राहिली तर मात्र डोळे जातात, किडन्या जातात. बेसावध राहू नका." दुसरं वाक्य माझ्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं. मी बेसावध राहणाऱ्यातला नव्हतोच.

एप्रिल महिना होता. यावलला एप्रिल म्हणजे काय, ते तिथे राहिलेल्यालाच माहीत. शाळा सकाळची झाली होती. सोमवारी वहीत आकडा आला दोनशे अडुसष्ट. मंगळवारी दोनशे चौऱ्याण्णव. एरवी दीडशेच्या आसपास असायचा. इंजेक्शन तेच, पोळ्या तेवढ्याच, भाजी तीच. मग जास्तीची साखर येणार कुठून? माझ्या हिशेबाने याचं एकच उत्तर होतं. पोरगी चोरून खात होती.

मला भीती वाटत होती, हे मी आज सांगू शकतो. रात्रंदिवस तिचे डोळे आणि तिच्या किडन्या माझ्यापुढे नाचायच्या. पण मी घाबरलो की माझ्या तोंडून प्रश्न निघतात. मी तिचं दप्तर उलटं केलं. कंपासपेटी उघडली. गादीखाली बघितलं. एक बडीशेपेची रिकामी पुडी सापडली, ती माझीच होती.

"काय करून राहिले तुम्ही?" शैला म्हणाली. "पोरीची झडती घेता का?"

"घ्यावी लागते. आकडे वाढून राहिले."

"तिला उन्हाळी लागलीये. मी धन्याचं पाणी देते दोन दिवसांपासून."

"दे," मी म्हणालो. "साखर नको टाकू त्यात."

"मला शिकवता का?" ती म्हणाली.

एवढंच बोलणं झालं. आमच्याकडे एप्रिलमध्ये उन्हाळी कुणाला लागत नाही? मला लागते, ड्रायव्हरांना लागते, उन्हात उभ्या राहणाऱ्या सगळ्यांना लागते. धन्याचं पाणी प्यायचं, सब्जा खायचा, दोन दिवसांत उतरते. उन्हाळी म्हणजे ऊन. तिला कुणी आजार म्हणत नाही. आणि लेकीला नेमकं कुठे आणि कसं दुखतं, हे नवऱ्यापुढे बोलायला शैला लाजायची. एका शब्दात भागत होतं, तिने भागवलं. मीही पुढे विचारलं नाही. सगळ्या जगाला खोदून विचारणारा मी, तिथे मला एकही प्रश्न सुचला नाही.

बुधवारी तीनशे एकतीस आले. मी डेपोच्या बाहेर येऊन मोबाईलवरून डॉक्टर झांबऱ्यांना फोन लावला.

"ताप आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"सर्दी, खोकला?"

"नाही साहेब."

"लघवीला काही त्रास?"

"छे," मी म्हणालो. "पोरगी ठणठणीत आहे. चोरून खातेय, दुसरं काही नाही."

"बडगुजर, मुलं खातात कधीमधी, त्याने दोन-तीन दिवस सलग असं होत नाही. इन्सुलिन सकाळ-संध्याकाळ दोन-दोन युनिट वाढवा. आणि शनिवारी घेऊन या तिला. वाट बघू नका, शनिवारी याच."

"येतो ना साहेब. तोपर्यंत मी चोर पकडतोच."

ते हसले नाहीत. त्यांनी मला तीन प्रश्न विचारले होते आणि तिन्ही उत्तरं मी न अडखळता दिली होती.

गुरुवारी ड्युटीला जाण्याआधी मी शाळेत गेलो. वर्गशिक्षिका सैंदाणे बाई पाचवीच्या वर्गाबाहेर भेटल्या. साध्या बाई, हर्षूवर माया करणाऱ्या. मी विचारलं, ही वर्गात डबा सोडून काही खाते का?

"खात नाही हो. पण बाहेर फार जाते. एका तासात दोनदा जाते कधी. साखरेचं आहे म्हणून मी अडवत नाही."

"कुठे जाते?"

"बाथरूमला. म्हणजे, सांगून तर तेच जाते."

सांगून तर तेच जाते. मी मागे वळून बघितलं. बाथरूम मैदानाच्या टोकाला, आणि त्याच्या पलीकडे दहा पावलांवर फाटक. फाटकाशी एक म्हातारी चिक्की, बोरकूट आणि लिमलेटच्या गोळ्या घेऊन बसलेली. मला सगळं चित्र लख्ख दिसलं.

"बाई, तिला मधल्या सुट्टीशिवाय बाहेर सोडू नका."

"पण तिला खरंच लागली तर?"

"निमित्त करते ती. मी बाप आहे, मी सांगतोय ना."

सैंदाणे बाईंनी पदर सारखा केला. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. त्यांच्या मनात नव्हतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. चेहरे वाचायचा मला एवढा अभ्यास, तरी मी म्हटलं, असू दे. वर्गाच्या खिडकीतून हर्षू आमच्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बोट करून मान हलवली, लक्ष आहे हं माझं, अशी.

शुक्रवारी माझी सुट्टी होती. साडेअकराला शाळा सुटली आणि बाराला हर्षू घरी आली. दप्तर पाठीवर न घेता पुढे, पोटाशी धरलेलं. सरळ मोरीकडे निघाली.

"थांब. दप्तर असं का धरलंय?"

"पाणी सांडलं."

तिचा निळा स्कर्ट मागूनपुढून ओला होऊन वाळत आला होता. मी दप्तरातून पाण्याची बाटली काढली. ती काठोकाठ भरलेली होती.

"बाटली सांडली तर ही भरलेली कशी?"

ती मोरीच्या दाराकडे बघत होती.

"हर्षू, बाटली सांडली तर ही भरलेली कशी, मी विचारतोय."

"परत भरली," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक होता. चेहरा उन्हाने लाल झालेला, ओठ कोरडे. ती भिंतीला टेकून उभी होती आणि पाय एकमेकांवर दाबून धरले होते. खोटं पकडल्याचा जो एक आनंद असतो, तो मला झाला, हे लिहिताना लाज वाटते. पण झाला.

"इकडे ये. तोंड उघड."

तिने तोंड उघडलं. मी वाकून वास घेतला आणि सरळ झालो. पुन्हा एकदा घेतला.

केळ्याचा वास होता. चांगल्या पिकलेल्या, सालीवर काळे ठिपके पडलेल्या केळ्याचा गोड वास. आमचा मुलूख केळ्यांचा. तान्ह्या पोरालाही हा वास ओळखता येतो. हर्षूचा आजार निघाल्यापासून आमच्या घरात केळं शिजत नव्हतं की सोललं जात नव्हतं. पाहुण्यांनी फणी आणली की शैला ती दारातूनच शेजारी पोचवायची. आणि इथे माझ्या पोरीच्या तोंडाला केळ्याचा घमघमाट.

"शैला, इकडे ये. वास घे हिच्या तोंडाचा."

शैलाने घेतला. तिचा चेहरा उतरला. "केळं वाटतंय," ती म्हणाली.

"कुणी दिली केळी?" मी हर्षूला विचारलं. खाल्ली का, असं विचारलं नाही. ते मी कधीच विचारत नसे.

"नाही खाल्ली."

"कुणी दिली?"

"पप्पा, मी नाही खाल्ली."

"तोंडाला वास येतोय ना? मग तो कुठून आला? आईने पण घेतला वास. आई खोटं बोलते का?"

तिने आईकडे बघितलं. शैलाने डोळ्यांना पदर लावला होता. मी पुन्हा विचारलं, किती खाल्ली. मग, कुठे खाल्ली. मग, सोबत कोण होतं. पाच मिनिटं असेल, दहा असेल. मी ओरडलो नाही, हात उगारला नाही. मी कधीच ओरडत नसे. फक्त थांबत नसे.

"दोन," हर्षू शेवटी म्हणाली.

"काय दोन?"

"केळी खाल्ली."

"कुठली?"

"रस्त्यावर ट्रक भरतात ना, तिथली."

"कधी?"

"शाळा सुटल्यावर."

सरळ, स्पष्ट, न अडखळता. माझ्याच नियमाने ते खोटं होतं. शिवाय आमच्याकडे ट्रकमध्ये हिरवी, कच्ची केळी भरतात. ती दिल्लीकडे जाऊन पिकतात. त्या ट्रकपाशी पिकलं केळं कुठून मिळणार? हे मला माहीत होतं, आणि त्याच क्षणी आठवलंही. पण मी त्याचा अर्थ असा लावला की केळी खाल्लीत हे खरं, देणाऱ्याचं नाव तेवढं ती लपवतेय. मला कबुली हवी होती आणि ती मिळाली होती.

"बघ," मी म्हणालो, "कबूल केलं की नाही? आता मी रागावणार नाही. दोन केळी पोटात गेलीत, तेव्हा आता जेवण नको. संध्याकाळचंही नको. पोटाला आराम दे."

"जाऊ मी?" तिने विचारलं.

"जा."

ती मोरीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आतून एकदा कण्हल्यासारखा आवाज आला. शैला दाराशी जाऊन म्हणाली, "धन्याचं पाणी ठेवलंय गं, ते पी आल्यावर."

संध्याकाळी मशिनवर चारशे बारा आले. शैला इंजेक्शन हातात घेऊन बसली होती. "ही काही खाणार नाही, मग पुरतं इंजेक्शन कसं देऊ? साखर एकदम उतरली म्हणजे?" तेही पटण्यासारखं होतं. आम्ही अर्धंच दिलं. हर्षूचं अंग कोमट लागत होतं. दुपारचं ऊन लागलं असेल, असं आम्हा दोघांचंही मत पडलं. उद्या तर डॉक्टरकडे जायचंच होतं.

शनिवारी सकाळी ती उठली ती उलटीसोबतच. मग हुडहुडी भरली. त्या उकाड्यात दोन गोधड्या टाकल्या तरी दात वाजत होते. कुशीला हात लावला तर किंचाळली. श्वास धावून आल्यासारखा चालला होता, आणि प्रत्येक श्वासाला तो केळ्याचा वास. रात्रभर ती माझ्या डोळ्यांसमोर होती. तिने काहीच खाल्लेलं नव्हतं. मग वास कुठला? हा प्रश्न मला पहिल्यांदा तेव्हा पडला.

जीप शोधत बसण्यात वेळ गेला असता. सव्वासातची जळगाव गाडी स्टँडवर लागलेली होती. मी हर्षूला उचलून आणलं, शैला पुढच्या सीटवर बसली, तिच्या मांडीवर हर्षू. कंडक्टर तायडे होता. गाडी निघाली आणि पहिल्याच थांब्यावर थांबली. दोन बायका टोपल्या घेऊन सावकाश चढल्या. पुढच्या थांब्यावर पुन्हा थांबली. मी उठून तायडेपाशी गेलो.

"तायडे, सरळ भुसावळपर्यंत घ्या ना. पोरीची तब्येत बघा."

"साहेब, थांबे आहेत," तो खाली मान घालून म्हणाला. "मागच्या महिन्यात एक थांबा सोडला म्हणून तुम्हीच माझा रिपोर्ट केला."

मी तसाच उभा राहिलो. जन्मभर मी गाड्या थांबवल्या, आणि ती एक गाडी मला पळवता येईना. हर्षूने पुन्हा उलटी केली, शैलाच्या पदरात. तायडेने ते बघितलं. त्याने काही न बोलता डबल बेल दिली, आणि पुढचे थांबे हात करणारी माणसं मागे टाकत गाडी गेली. मी त्याला धन्यवादही दिले नाहीत. तेवढं भान राहिलं नव्हतं.

डॉक्टर झांबऱ्यांनी तिला टेबलावर घेतलं, श्वास बघितला, पापण्या वर केल्या. सिस्टरांनी रक्त काढलं. मशिनवर आकडा आलाच नाही, त्याच्या मोजण्याच्या पलीकडे गेला होता. मग लघवी. नळीतून आली ती ताकासारखी गढूळ होती.

"हर्षाली," डॉक्टर तिच्या कानाशी वाकून म्हणाले, "बेटा, काल काय खाल्लंस?"

तिने डोळे उघडले. डॉक्टरांकडे बघितलं नाही. मला शोधलं, माझ्याकडे बघितलं, आणि कोरड्या जिभेने म्हणाली, "दोन केळी."

"हो साहेब," मी म्हणालो, "तोंडाला वास येतोय अजून."

डॉक्टर सरळ झाले. "बडगुजर, हा वास केळ्याचा नाही. इन्सुलिन पुरेनासं झालं की शरीर चरबी जाळायला लागतं, त्याचा हा वास आहे. रक्त आम्लासारखं झालंय तिचं." मग ते शैलाकडे वळले. "लघवीला जळजळ होत होती का हिला?"

"उन्हाळी लागली होती," शैला म्हणाली. "पाच-सहा दिवस झाले. सारखी जायची, थेंब थेंब व्हायचं, रडायची मोरीत. मी धन्याचं पाणी देत होते."

"ताई, ती उन्हाळी नव्हती. लघवीत पू आहे. जंतू वर किडनीपर्यंत गेलेत. अंगात जंतू असले की साखर चढते, आणि साखर चढली की जंतूंना फावतं. चोरून काही खाल्लेलं नाही या पोरीने." ते माझ्याकडे बघून म्हणाले, "मी फोनवर विचारलं होतं तुम्हाला."

"तुम्ही लघवीचा त्रास विचारला होता, उन्हाळी नव्हे," मी म्हणालो. याहून मूर्ख वाक्य मी आयुष्यात बोललो नसेन, पण तेव्हा ते मला अगदी खरं वाटलं. डॉक्टरांनी सिस्टरला खूण केली. तिला आत नेलं आणि दार बंद झालं.

त्या दाराबाहेर आम्ही तीन दिवस बसलो. करायला काही नव्हतं. सिस्टर चिठ्ठी द्यायची, मी खालून औषध आणायचो. पुन्हा बसायचो. दाराला एक गोल काच होती, तिच्यातून हर्षूच्या पायाचा तळवा तेवढा दिसायचा. मी तो तळवा बघत राहायचो. हलला की बरं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सैंदाणे बाई आल्या. त्यांनी शैलाचा हात धरला आणि म्हणाल्या, "शुक्रवारी तिने चारदा हात वर केला. चारही वेळा मी खाली बस म्हटलं. मग बाकाखाली पाणी दिसलं. ती म्हणाली, बाटली सांडली. मी म्हटलं, असेल. पोरं हसत होती, त्यांना मी गप्प केलं." त्यांचं नाक लाल झालं होतं. "मी सोडायला हवं होतं हो."

त्यांनी माझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर बरं झालं असतं.

बाई गेल्यावर मी शैलाला म्हणालो, "तू तरी मला अडवायचं."

"ती कबूल झाली तेव्हा मलाही खरं वाटलं," शैला समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली. "माझ्याच लेकीवर मला विश्वास वाटला नाही. तुम्ही इतक्या खात्रीने विचारत होता."

हर्षू वाचली. चौथ्या दिवशी तिला खोलीत आणलं. उशीला टेकून बसली होती, हाताला सलाईन, ओठांना सिस्टरने लावलेलं तूप. शैला चहा आणायला खाली गेली होती. डाव्या किडनीला व्रण राहील, असं डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं. बाकी पोरगी हाती लागली, हेच खूप म्हणा, असंही म्हणाले होते. मी तिच्या पायाशी बसलो. तिची माफी मागायची असं रात्रीपासून ठरवलं होतं. ती कशी मागायची, ते ठरलं नव्हतं. आणि तोंड उघडलं तर सवयीने प्रश्नच निघाला.

"हर्षू, तू केळी खाल्ली नव्हतीस."

"नाही."

"मग खाल्ली असं का सांगितलंस बेटा?"

तिने सलाईनच्या नळीकडे बघितलं, थेंब मोजत असल्यासारखं. रागावलेली नव्हती. मला अडचण पडू नये म्हणून समजावून सांगावं, तसं म्हणाली, "मला लघवीला जायचं होतं ना पप्पा. आणि कबूल केलं की तुम्ही सोडता."

मी तिच्या पायावरची चादर सारखी केली. दुसरं काही मला करता आलं नाही. माफी तेव्हाही मागितली गेली नाही, आणि नंतर तर तिची वेळच निघून गेली.

या गोष्टीला सतरा वर्षं झाली. त्या वर्षीच मी पथकातून बदली मागून घेतली आणि आगारात टायर-सामानाच्या खोलीत बसलो. तिथे कुणाला काही विचारावं लागत नसे. आता निवृत्त झालो. हर्षू नाशिकला एका कंपनीत नोकरीला आहे. चांगली पोरगी आहे. माझ्या वाढदिवसाला शर्ट पाठवते. माझ्यावर तिचा राग आहे असं तिने कधी दाखवलं नाही, आणि तो असावा असं मला पुष्कळदा वाटतं. मागच्या उन्हाळ्यात तिला पुन्हा तसाच त्रास झाला. दोन दिवस ती दवाखान्यात होती. मला ते महिन्याने कळलं, तिच्या मैत्रिणीच्या तोंडून, सहज.

दर रविवारी सकाळी तिचा फोन येतो. आधी माझ्याशी बोलते. जेवण, ऊन, तिच्या ऑफिसातल्या गमती. मग मी विचारतो. विचारू नये असं दर वेळी ठरवतो, आणि विचारतो.

"साखर किती होती सकाळी?"

"एकशे दहा, पप्पा."

मागच्या रविवारीही एकशे दहाच होती. त्याच्या आधीच्या रविवारीही. ती जराही अडखळत नाही.

"बरं," मी म्हणतो, आणि फोन शैलाकडे देतो. शैला तो घेऊन आतल्या खोलीत जाते, दार लोटून घेते, आणि साखरेच्या वहीची पानं उलटल्याचा आवाज येतो.